दुखण्यात बुडालेले सत्र

विद्यापीठाच्या परीक्षेचे फॉर्म भरण्याचे दिवस आले की आमच्या दाराशी दोन तऱ्हेचे पालक येतात. एक, ज्यांना फीचे पैसे कमी पडतात. त्यांचे काम त्या मानाने सोपे. चार घरी शब्द टाकला की होऊन जाते. दुसऱ्या तऱ्हेचे पालक आल्याबरोबर बोलत नाहीत. उन्हाचे बोलतील, नळाच्या पाण्याचे बोलतील, चहा घेतील आणि उठता उठता सांगतील, "भाऊ, पोरीचा फॉर्म कॉलेजवाले घेऊन नाही राहिले." का घेत नाहीत? हजेरी भरली नाही म्हणून. हजेरी का भरली नाही? तब्येत बरी नव्हती म्हणून. तब्येतीला काय झाले होते? येथे नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. शेवटी माऊलीच खालच्या आवाजात सांगते, "तेच ते. एसएस."

नागपुरातल्याच काय, साऱ्या विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत या दोन अक्षरांचा अर्थ सांगावा लागत नाही. सिकलसेल. तरी ज्यांच्या घरी तो नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायला हव्यात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे, सांधे, पाठ, छाती, पोट, कुठेही असे दुखते की धडधाकट माणूस किंचाळेल. आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला तर मूल एसएस. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. एसएसचे दुखणे मात्र तिथी-वार पाहून येत नाही. थंडी वाजली, ताप आला, अंगात पाणी कमी पडले, दगदग झाली, की उठले. आणि आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा असतात हिवाळी आणि उन्हाळी. नागपूरचा हिवाळा आणि नागपूरचा उन्हाळा! ज्या दिवसांत या मुलांनी जिवाला जपायचे, नेमके त्याच दिवसांत त्यांना सकाळी सायकल हाणत केंद्रावर पोहोचायचे असते.

यात पहिली गोष्ट जाते ती मुलाची अब्रू. "आळशी आहे", "नाटके करतो", "परीक्षा आली की बरोबर दुखते" असे घरातलेच लोक म्हणतात, मग मास्तर कसे म्हणणार नाहीत? दुखणे उतरल्यावर मूल चांगले दिसते, हसते-खेळते, म्हणून पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. पाय मोडला तर प्लास्टर दिसते. येथे काहीच दिसत नाही.

वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत या आजाराचा पहिला नोंदलेला रोगी कोण होता, तर कॉलेजात शिकणारा एक विद्यार्थीच होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल हे त्याचे नाव. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरचा हा काळा तरुण १९०४ साली दातांचे शास्त्र शिकायला अमेरिकेत शिकागोला गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या कडाक्याच्या थंडीत, तो रुग्णालयात भरती झाला. पुढची अडीच वर्षे त्याचे आत-बाहेर चालूच होते. डॉ. जेम्स हेरिक यांनी त्याच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले आणि जगाला हा आजार कळला. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. नोएल १९०७ साली परीक्षा उत्तीर्ण झाला, आपल्या बेटावर परत गेला आणि त्याने दातांचा दवाखाना चालवला. १९१६ साली तो वारला. तेव्हा ना आजची औषधे होती, ना आजाराचे नाव ठाऊक होते. तरी त्याने शिक्षण पुरे केले.

आपल्या देशात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये आढळला. आणि मध्य भारतात तो आहे हे नागपूरच्याच मेडिकल कॉलेजातील शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ साली लॅन्सेट या विलायती नियतकालिकातून जगापुढे मांडले. म्हणजे हे दुखणे आपल्या शहराला कागदोपत्री माहीत होऊन साठाहून अधिक वर्षे झाली. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्तांच्या हक्कांसाठी आपले आयुष्य वेचले. सरकारने २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली. असे असताना आपल्याच शहरातल्या मुलाने "सर, मला सिकलसेल आहे" एवढे वाक्य उच्चारायला तीन वर्षे लावावीत, याचा खेद वाटतो.

आता मुद्द्यावर येतो. आम्ही नोकरीने कारकून. आयुष्य आवक-जावकच्या रजिस्टरात गेले. त्यामुळे एक गोष्ट आम्हाला पक्की ठाऊक आहे, आणि तीच आज वाचकांच्या गळी उतरवायची आहे. कार्यालयाला कान नसतात, फक्त डोळे असतात. तोंडाने सांगितलेले कार्यालयात राहत नाही. "मित्राजवळ निरोप धाडला होता", "मॅडमला फोनवर सांगितले होते", "शिपाई ओळखीचा आहे", यातले काहीही परीक्षा विभागाच्या टेबलावर पोहोचत नाही. तेथे पोहोचतो तो कागद, आणि तोही तारीख असलेला. बुडालेला तास भरून काढता येतो, बुडालेले प्रात्यक्षिक पुन्हा करता येते. पण ज्या आठवड्यात दुखले त्या आठवड्यात अर्ज दिला नाही, तर तो अर्ज चार महिन्यांनी दिल्यावर त्याची किंमत निम्मीही उरत नाही. साहेब विचारणार, तेव्हा का नाही सांगितले? आणि त्यांचे ते विचारणे अगदीच गैर असते असेही नाही.

आमच्या पाहण्यातली दोन मुले सांगतो. गावे-नावे सांगत नाही. एक मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. डिसेंबरात दुखणे उठले, अकरा दिवस भरती. घरी आला तो डिस्चार्ज कार्ड आईने लोखंडी पेटीत, रेशनकार्डाखाली जपून ठेवले. इतके जपून की ते कोणाला दिसलेच नाही. कॉलेजला मित्राने तोंडी सांगितले. त्या अकरा दिवसांत दोन विषयांच्या अंतर्गत चाचण्या झाल्या, रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके झाली. निकालाच्या वेळी अंतर्गत गुणांच्या रकान्यात शून्य. बाप मग रोजी पाडून तीन दिवस कॉलेजच्या चकरा मारत होता. बडेबाबू म्हणाले, गुण विद्यापीठाकडे गेले, आता आमच्या हातात काही नाही.

दुसरी मुलगी बी.ए.ची. बाप रिक्षा चालवतो. तिच्या आईला लिहिता-वाचता येत नाही, पण बाई व्यवहारात पक्की. मुलगी भरती झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने धाकट्या पोराला हाताशी धरून अर्ज लिहवून घेतला, दवाखान्यातल्या केसपेपरची झेरॉक्स जोडली आणि कॉलेजात नेऊन दिला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. बाबू म्हणाला, शिक्क्याची गरज नाही. बाई म्हणाली, "साहेब, मले वाचता येत नाही, शिक्का पाह्यला की समजते." शिक्का मिळाला! पुढे त्या मुलीची राहिलेली चाचणी वेगळी घेतली गेली. आम्हाला बी.कॉम. होऊनही जे पुष्कळांना पटवता आले नाही, ते त्या बाईने एका वाक्यात करून दाखवले.

अर्ज कसा असावा? लांबलचक नको. "गरीब विद्यार्थ्यावर दया करावी" ही भाषा तर मुळीच नको. तारखा आणि मागणी, एवढेच असावे. नमुना देतो, कापून ठेवावा :

"प्रति, मा. प्राचार्य. विषय : आजारपणामुळे राहिलेले काम पूर्ण करण्याची संधी मिळणेबाबत. महोदय, मी अमुक वर्गात, अमुक रोल नंबरची विद्यार्थिनी आहे. मला सिकलसेल (एसएस) हा आजार असून दिनांक अमुकपासून मी अमुक रुग्णालयात भरती आहे. केसपेपरची प्रत जोडली आहे. डिस्चार्ज कार्ड मिळताच सादर करीन. या काळात माझी अमुक विषयाची चाचणी व अमुक विषयाची दोन प्रात्यक्षिके राहत आहेत. ती बरी झाल्यावर देण्याची संधी मिळावी, तसेच या दिवसांची गैरहजेरी आजारपणाखाली धरावी, ही विनंती. माझ्या आजाराची माहिती गोपनीय ठेवावी."

दोन प्रती करायच्या. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन घरी आणायची. शिक्का देत नसतील तर कॉलेजच्या ईमेलवर मोबाईलने फोटो काढून पाठवावा, नाहीतर पोस्टात जाऊन रजिस्टर करावे. पावती हीच आपली साक्षीदार. भरती नसेल, घरीच पडून असेल, तरी त्याच दिवसांत सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर काढून घ्यावा. महिन्याभराने काढलेल्या मागल्या तारखेच्या सर्टिफिकेटवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. पैसे देऊन मेडिकल सर्टिफिकेट आणणाऱ्या धट्ट्याकट्ट्या पोरांनी खऱ्या रोग्यांचे किती नुकसान केले आहे, ते सांगायला दुसरा लेख लागेल.

हजेरीचा नियम साधारण पंच्याहत्तर टक्क्यांचा असतो. पण आजारपणाच्या कारणाने त्यातली काही तूट माफ करण्याची वाटही बहुतेक विद्यापीठांच्या नियमांत ठेवलेली असते. किती तूट आणि कोणाच्या सहीने, हे अभ्यासक्रमागणिक बदलते. म्हणून आपल्या अभ्यासक्रमाचा नियम सत्राच्या पहिल्या महिन्यातच कार्यालयात विचारून वहीत लिहून ठेवावा. दुखणे उठल्यावर नियम शोधत बसायला कोणाच्या अंगात त्राण असते?

बऱ्या झालेल्या मुलाने आधी काय भरून काढावे, याबद्दलही मुलांचा गोंधळ होतो. बरे वाटले की ती मित्राच्या वह्या आणून पहिल्या पानापासून उतरवत बसतात. रात्र-रात्र जागतात, पाणी पीत नाहीत, आणि आठ दिवसांत परत दवाखाना. जे घरी बसून करता येत नाही ते आधी करावे. प्रात्यक्षिके, जर्नलवरच्या सह्या, अंतर्गत चाचण्या, तोंडी परीक्षा. धडे काय, पुस्तकात आहेतच. ते कुठे पळून जात नाहीत. वर्गातल्या एका भरवशाच्या मुला-मुलीला जोडीदार करून ठेवावे. आज काय झाले, कोणती नोटीस लागली, हे त्याने रोज मोबाईलवर पाठवायचे. आणि मास्तर लोकांना भेटताना रिकाम्या हाताने जाऊ नये. काय राहिले त्याची यादी आणि शिक्क्याची प्रत घेऊन जावे. यादी पाहिली की रागीट मास्तरही मऊ होतो, असा आमचा अनुभव आहे.

आता कायद्याकडे वळतो, कारण येथे आपल्या लोकांचे अज्ञान फार मोठे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, ते या कायद्यात एकवीस झाले. त्यात रक्ताचे आजार म्हणून हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांची नावे घातली गेली. म्हणजे एसएस असलेले मूल कायद्याने दिव्यांगांच्या हक्काला पात्र आहे. मेडिकल, मेयोसारख्या सरकारी रुग्णालयांत तपासणी होऊन दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. ते चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के राखीव जागांचा हक्क मिळतो, प्रवेशाच्या वयोमर्यादेतही पाच वर्षांची सूट मिळते. शिवाय याच कायद्यात शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी आणि परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करावेत, असे सांगितले आहे.

चाळीस टक्के नाहीत म्हणून सोय नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला सर्वोच्च न्यायालयाचा विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग हा ११ फेब्रुवारी २०२१ चा निकाल सांगावा. त्या उमेदवाराच्या हाताला लिहिताना गोळे येत. लेखनिक नाकारला म्हणून तो न्यायालयात गेला. चाळीस टक्क्यांची अट राखीव जागांसारख्या ठराविक लाभांसाठी आहे, वाजवी सोय त्या अटीवर अडवता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

वाजवी सोय म्हणजे काही आकाशातला चंद्र नव्हे. या मुलांना सारखे पाणी प्यावे लागते आणि त्यामुळे लघवीलाही जास्त वेळा जावे लागते. तेव्हा परीक्षेच्या खोलीत पाण्याची बाटली व औषध जवळ ठेवू द्यावे, बाहेर जाऊ द्यावे, बैठक तळमजल्यावर आणि कूलरच्या थेट झोतापासून दूर असावी, दुखण्यामुळे लिहिता येत नसेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर लेखनिक व जादा वेळ मिळावा. लेखनिकाच्या केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमावलीत तासामागे किमान वीस मिनिटे जादा सांगितली आहेत. यासाठी परीक्षेच्या सकाळी केंद्रप्रमुखाशी भांडून उपयोग नाही. फॉर्म भरतानाच अर्ज आणि प्रमाणपत्र जोडले पाहिजे.

कॉलेजने अर्जच दाबून ठेवला तर? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तक्रार आल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत तिने अहवाल द्यायचा आहे. त्याने समाधान झाले नाही तर लोकपालाकडे अपील करता येते. पण तेथेही पहिला प्रश्न तोच, शिक्क्याची प्रत कोठे आहे?

एवढे सारे असून प्रमाणपत्र काढायला आपली माणसे तयार होत नाहीत. विशेषतः मुलीचे. कारण उघड आहे. कागद झाला की चार लोकांना कळेल आणि सोयरीक जमणार नाही. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. वस्तीत काय बोलतात ते आम्हीही ऐकतो. पण बाई गं, ज्या घरी द्यायची त्यांना पहिल्या बाळंतपणात कळायचेच ना? तेव्हा कोणाचा जीव धोक्यात येईल? लग्नाआधी दोघांचेही रक्त तपासून घेणे हा यावरचा खरा उपाय. दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला एसएस होण्याची शक्यता चारात एक. तो विषय वेगळा. येथे एवढेच सांगायचे की कॉलेजात दिलेले प्रमाणपत्र फलकावर लागत नाही. ते फाईलीत राहते.

आणि थोडा व्यवहाराचाही विचार करावा. आपल्या घरांत शिक्षण सुटलेले पोर काय करते? गवंड्याच्या हाताखाली जाते, हमालीला जाते, गोदामात पोती उचलते, मुलगी धुणीभांडी धरते. एसएसच्या मुलाला यातले कोणते काम झेपेल? उन्हात घमेले उचलणे म्हणजे त्याला दुखण्याचे आमंत्रणच. सरकारी नोकरीतले दिव्यांगांचे जे चार टक्के आरक्षण २०१६ च्या कायद्यात आहे, त्यात रक्ताच्या आजारांची नावे घातलेली नाहीत. ती घालावीत म्हणून लढावे लागेल ते लागेलच. पण आजच्या घडीला या मुलासाठी बसून करायच्या कामाची वाट पदवीवरून जाते. धट्ट्याकट्ट्या भावाचे शिक्षण सुटले तर तो हातापायांवर जगेल. याला ती सोय नाही. म्हणून घरात एकाच्याच फीचे पैसे असतील तर ते आजारी पोराच्या फीला लावावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुष्कळांना ते उलटे वाटते. "त्याचे काय, तो तर नेहमीचाच आजारी", असे म्हणून त्याचेच नाव आधी काढले जाते.

शिष्यवृत्तीबद्दल दोन शब्द. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. सत्र बुडाले की शिष्यवृत्ती गेलीच, अशी समजूत करून घेऊन कित्येक मुले पुढचा अर्जच भरत नाहीत. १ जुलै २०१० पासून लागू झालेल्या या योजनेच्या नियमावलीत असे होते की विद्यार्थी आजारपणामुळे किंवा अचानक ओढवलेल्या प्रसंगामुळे परीक्षेला बसू शकला नाही, तर वैद्यकीय दाखला वा तसा पुरावा दिल्यावर, आणि बसला असता तर उत्तीर्ण झाला असता असे संस्थाप्रमुखांनी प्रमाणित केल्यावर, शिष्यवृत्ती पुढच्या वर्षासाठी चालू ठेवता येते. एटीकेटीवर वरच्या वर्गात गेलेल्यालाही त्या वर्गाची शिष्यवृत्ती देण्याची तरतूद त्यात होती. तेव्हा चालू वर्षाचे परिपत्रक समाजकल्याण कार्यालयात पाहून घ्यावे, पण अर्ज भरल्याशिवाय राहू नये.

"अचानक ओढवलेला प्रसंग" या शब्दांत आपली निम्मी दुःखे येतात. बाप कामावर पडला, आई वारली, धाकट्याला घेऊन महिनाभर मेडिकलच्या व्हरांड्यात काढला. तेथेही रीत तीच. ज्या रुग्णालयात जवळचे माणूस भरती आहे तेथला कागद, मृत्यूचा दाखला, जे असेल ते जोडून त्याच आठवड्यात अर्ज.

शिक्षण अर्ध्यावर तुटण्याचा विषय निघाला की आम्हाला बाबासाहेबांची लंडनची वर्षे आठवतात. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, त्या कशा तुटत-जोडत मिळाल्या ते मुलांना सांगत नाही. १९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. वर्ष पुरे होते न होते तोच बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. वर युद्धाचे दिवस. त्यांच्या सामानाचे जहाज पाणबुडीने बुडवले, त्यात पुस्तके गेली. पण लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी एक काम करून ठेवले होते. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली होती, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. परवानगी निघताना काढली. परतल्यावर विनवण्या केल्या नाहीत. मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले, आणि मुदतीच्या आत, १९२० साली, ते लंडनला परत गेले. १९२१ साली एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी बदल करून पुन्हा आणा म्हणून परत केला. तो भारतातून दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मान्य झाला. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून झाल्यावर १९२७ साली हाती आली, म्हणजे तेथला अभ्यास आटोपून निघाल्यावर अकरा वर्षांनी.

तेव्हा एक सत्र गेले म्हणून पोराला घरात बसवू नये. सत्र गेलेच, सारे अर्ज करूनही गेले, तर एटीकेटीचे विषय पुढच्या परीक्षेत निघतात. ज्या विषयांचे श्रेयांक मिळाले ते आता २०२१ पासूनच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, कमाल सात वर्षांपर्यंत. कॉलेज त्या व्यवस्थेत आहे ना आणि मुलाचा नंबर काढला आहे ना, एवढे पाहून घ्यावे. रोज कॉलेजला जाणे झेपतच नसेल तर १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८५ चे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. दोघांचीही केंद्रे नागपुरात आहेत. मुक्त विद्यापीठाची पदवी कमी प्रतीची, असे नाक मुरडणारे आपल्याकडे फार झाले आहेत. त्यांच्या बोलण्याने कोणाचे घर चालत नाही.

एक राहिले. परीक्षा जवळ आली की काही मुले हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आपल्या मनाने बंद करतात, कोणी सांगते त्याने झोप येते, कोणी सांगते डोके चालत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये. आणि ज्यांच्या घरी डिस्चार्ज कार्डे पेटीत पडून आहेत, त्यांनी ती आजच काढून तारीखवार लावावीत, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढाव्यात. फॉर्मची शेवटची तारीख कॉलेजच्या फलकावर लागली असेल, तीही येता-येता पाहून घ्यावी.